टाकीतलं पाणी

घरात काचेची टाकी आली, तिच्यात झाडं लावली आणि बोटभरही लांब नसलेले निऑन टेट्रा सोडले, की माणूस पाण्याच्या बाबतीत हळवा होतो. स्वतः नळाचं पाणी तो मुकाट पितो. आपली शुगर शेवटची कधी तपासली ते त्याला आठवत नाही. टाकीचा पीएच मात्र झोपेतही सांगेल.

पुण्यात या छंदाला आणखी एक रंग आहे. खडकवासला धरणाचं पाणी पावसाचं, म्हणून मऊ. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून जड. टँकरचं कुठलं, ते टँकरवाला जाणे. केएच, म्हणजे पाण्याचा कार्बोनेटी जडपणा, मोजायचा तर नळीतल्या पाण्यात औषधाचा एकेक थेंब टाकायचा आणि निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका. एरवी तिसऱ्या-चौथ्या थेंबाला पिवळं होणारं पाणी दहाव्यालाही निळंच राहिलं, की समजावं, रात्री टँकर येऊन गेला. सोसायटीचे सेक्रेटरी काहीही म्हणोत. अर्थात स्वयंपाकघरात हे आधीच कळलेलं असतं. "आज तुरीची डाळ शिजता शिजेना, पाणी बदललंय वाटतं," असं आई म्हणते, तीही एक चाचणीच.

पीएचची मोजपट्टी 1909 साली सोरेन्सन यांनी मांडली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. डोक्यात चढण्याचा गुण तिला तिथूनच लागला असावा. दिवसा झाडं पाण्यातला कार्बन डायॉक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो. रात्री झाडं-मासे सगळेच तो सोडतात, पीएच उतरतो. नवा हौशी सकाळ-संध्याकाळ मोजतो, दोन आकडे जुळत नाहीत म्हणून हादरतो आणि दुकानातून पीएच उतरवण्याची बाटली आणतो. केएच भरपूर असेल तर बाटलीतलं आम्ल तिथेच जिरतं आणि थोड्या वेळात पीएच पुन्हा जवळपास जागेवर. मासे मधल्यामधे दोनदा हेलपाटतात.

त्यापेक्षा देशी बदामाचं वाळकं पान बरं. टॅनिन उतरून पाणी कोऱ्या चहासारखं होतं, आणि ते मऊ असेल तर पीएचही जरासा उतरतो. हीच पानं दुकानात पाकिटातून विकतात आणि आमचा वॉचमन रोज झाडाखाली त्यांचा ढीग करून पेटवतो. बाजारभाव त्याच्या कानावर घालायचं धाडस कुणी करत नाही.

एवढी धावपळ करूनही टाकी सांभाळतात जिवाणूच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून येणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते झाडं खातात. ही वस्ती बसायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरच्या मळकट स्पंजात ती मुक्कामाला असते. स्वच्छतेचा सोस असलेला माणूस तोच स्पंज नळाखाली धरून खळखळून धुतो आणि क्लोरीन तिचा निकाल लावतं.

तेव्हा नव्याने टाकी मांडणार असाल तर मासे आणायची घाई करू नका, स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, आणि डाळ शिजली नाही त्या दिवशी टाकीचं पाणी बदलू नका.