देवा, तुझं खातं कोणतं?

आपल्याकडे देवांचं खातेवाटप कोणत्याही मंत्रिमंडळाच्या आधी झालेलं आहे आणि त्यात फेरबदल होत नाहीत. परीक्षा नि नवं काम गणपतीकडे, साडेसाती शनी-मारुतीकडे, पैसाअडका लक्ष्मीकडे. अर्ज कुठं टाकायचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या उंदराच्या एका कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हातानं झाकायचा, म्हणजे अर्ज वाटेत गहाळ होत नाही. लालबागला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. नुसतं बघायला आलेल्यानं लांबून बघून निघावं, काम असलेल्यानं पायाशी यावं. तिथला तर पायाच रोखठोक आहे. पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि व्यापारी मंडळींनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला.

सत्यनारायणाच्या पोथीत थकबाकीचीही तरतूद आहे. मूल झालं तर पूजा करीन, असं साधुवाणी म्हणाला. मुलगी झाल्यावर म्हणाला, तिच्या लग्नात करू. लग्नातही टाळलं, तेव्हा जावयासकट तुरुंगात गेला. ही कथा ऐकताना मला बँकेचा वसुली अधिकारी दिसतो आणि पुढ्यातला शिरा मुकाट्यानं संपवावासा वाटतो.

इतक्या चोख कारभाराला खीळ घालणारा एकच, पंढरपूरचा. त्याला खातं नाही. वर द्यायचा तर निदान एक हात मोकळा हवा, याचे दोन्ही कमरेवर. तोही तिथं आला तो भक्ताच्या दारात. आईबापांची सेवा चालली होती म्हणून पुंडलिकानं वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. भक्तानंच देवाला ताटकळत ठेवलं, तिथं पुढं कारभार काय सुधारणार!

आणि त्याची माणसं? आळंदीहून सुमारे २५० किलोमीटर चालत येतात. वाटेत पाऊस, चिखल, दिवेघाटाची चढण. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघून कितीतरी जण चंद्रभागेत बुडी मारतात, नामदेव पायरीवर डोकं टेकतात, कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. एसटी स्टँडवर अशाच एक आजी भेटल्या. टाचांच्या भेगांत वाळलेला चिखल, मांडीवर तुळशीवृंदावन, पदराच्या गाठीत बुक्क्याची पुडी, पिशवीत नातवंडांसाठी चुरमुरे.

‘‘दर्शन झालं का, आजी?’’

‘‘झालं की. कळस दिसला.’’

‘‘मग मागितलं काय?’’

‘‘माहेरी आल्यावं कुणी मागतं व्हय? भेटायचं नि निघायचं.’’

माहेराहून निदान साडीचोळी तरी मिळते, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ‘‘ते देणाऱ्यानं बघावं,’’ असं म्हणून त्यांनी चुरमुऱ्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली. इतक्या चालीचा परतावा मूठभर चुरमुरे, आणि तोही मलाच!

सरकारला मात्र हा ढिसाळपणा पटत नाही. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात आणि राज्याच्या वतीनं मागणी नोंदवतात: पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे. ‘मुख्यमंत्र्यांचे विठ्ठलाला साकडे’ हा मथळा आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं तयारच असतो, फक्त फोटो बदलायचा. ज्यांच्या हाताशी जलसंपदा खातं आहे ते बिनखात्याच्या देवाकडे पाणी मागतात, याला नम्रता म्हणावं की टोलवाटोलवी, हे विठ्ठलानंच ठरवावं. त्या पूजेला रांगेतलं एक जोडपं मानाचे वारकरी म्हणून घेतात आणि त्यांना वर्षभराचा एसटीचा मोफत पास देतात. त्या दारात हाती लागणारा ठोस लाभ तेवढाच, आणि तो देतं परिवहन महामंडळ.

शास्त्रही माझ्याच बाजूचं आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत, त्यात अर्थार्थी, म्हणजे काही मिळावं म्हणून भजणाराही आहे आणि चौघांनाही उदार म्हटलंय. ज्ञानी भक्त सर्वांत प्रिय, असंही तिथंच म्हटलंय म्हणे. पण आमच्या पारायणात तो श्लोक नेमका चहाच्या वेळेला येतो.

मागावं की मागू नये, या पेचातून शहरी सुशिक्षितांनी मात्र मार्ग काढला आहे. ते पुणे ते सासवड अशी एका दिवसाची वारी करतात. ‘‘मी काहीही अपेक्षा न ठेवता चाललो,’’ घाट चढून आलेला एक तरुण मला म्हणाला आणि मनगटावरच्या घड्याळात किती पावलं झाली ते बघू लागला. ‘निष्काम भक्तीचे अकरा फायदे’ हा संदेश मला तीन ग्रुपवर आला आहे: रक्तदाब आटोक्यात, झोप गाढ, एकाग्रता वाढते, पर्यायाने बढतीची शक्यता. आता आमच्या सोसायटीत निष्काम भक्तीचं शिबिरही होणार आहे. तीन आठवड्यांत फरक न जाणवल्यास शुल्क परत. पुढच्या खुर्च्यांसाठी वेगळा दर आहे.

मी पुढच्याच रांगेत नाव दिलंय. बघू, काय मिळतं.