गोड समुद्र

मुंबईकर ऐकीव गोष्टींवर डोळे झाकून विश्वास ठेवतो, हा आरोप साफ खोटा. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमचा समुद्र गोड झाल्याची आवई उठली, तेव्हा खात्री करायला माणसं जातीनं किनाऱ्यावर धावली. गढूळ पाणी ओंजळीनं प्यायली, बाटल्या भरल्या, पोरांनाही पाजलं.

पाण्याचा खारेपणा खरंच उतरला होता!

मिठी नदी तिथंच समुद्राला मिळते. पावसाळ्यात ती दुथडी वाहते आणि गोड्या पाण्यासोबत शहराचं सांडपाणी, कारखान्यांची घाणही आणून ओतते. ‘पिऊ नका’ म्हणून महापालिका कानीकपाळी ओरडत होती. पण पाण्याच्या बाबतीत महापालिकेच्या शब्दावर विसंबण्याइतका मुंबईकर भोळा थोडाच आहे?