पालथा पैलवान

शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जुन्या तालमींमुळे पुण्याला डाव-प्रतिडावांचं भारी कौतुक. माझा जीव मात्र जडलाय तो कुस्तीतल्या अशा एका घडीवर, जिथं पैलवान काहीच करत नाही. समोरच्यानं पट काढला, तोल गेला, की तो पोटावर पालथा होतो, कोपरं बरगड्यांशी मिटून घेतो, मान आत ओढतो आणि वाड्यातल्या जुन्या भाडेकरूसारखा लाल मातीला चिकटून राहतो. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त हलायचं नाही.

तारांबळ उडते ती वरच्याची. जत्रेतल्या निकाली कुस्तीत गुण नसतात. पाठ टेकली तरच निकाल. म्हणून ताक, तेल, हळद, लिंबू पिऊन मऊ झालेली ती माती तो मुठीनं उचलतो आणि पकड निसटू नये म्हणून खालच्याच्या घामेजल्या पाठीवर चोळतो. मानेवर कोपराचा भार देतो, मांडीत पाय अडकवून सवारी भरतो, घिस्सा मारून पाहतो. कसलेल्याला ठाऊक असतं, की निव्वळ जोरानं पालथा माणूस उलथत नाही. तो डावीकडे रेटतो. खालचा हट्टानं उजवीकडे झुकतो. आणि त्या हट्टाचंच बोट धरून वरचा त्याला उजवीकडे घेऊन जातो. हरणाऱ्यानं थोडा हातभार लावल्याशिवाय त्याला चीत करता येत नाही, हा या मर्दानी खेळातला मोठा नाजूक विनोद आहे.

जानेवारी २०२३मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरी रंगली, तेव्हा माती आणि गादी दोन्हीकडे गुणांचा हिशेब होता. भारंदाज टाकून खालच्याला लोळवलं, पाठ क्षणभर गादीकडे वळली, तरी दोन गुण. काहीच घडेना तर पंच दोघांना उठवून उभं करतात. जत्रेतल्या मातीला अशी घाई नसते. तिथं छाती पाठीला भिडलेली राहते, आणि वरच्याला खालच्याचा श्वास मोजत थांबावं लागतं. कारण श्वास सुटतो त्या निमिषात हट्टही जरासा सैलावतो. इतक्या जवळून आपला श्वास ऐकणारं माणूस आयुष्यात कितीदा भेटतं? एरवी पाठ फिरवून बसलेल्याला जग खुशाल सोडून पुढं जातं. इथं मात्र त्याचं तोंड आभाळाकडे व्हावं म्हणून कुणीतरी घाम गाळत बसलेलं असतं. तेव्हा पालथं पडण्यातही थोडा मान आहेच म्हणायचा.