हारभाऊ

मूर्तिजापुरात क्रिकेटचे चाहते पोत्यानं सापडतील. फुटबॉलचा, त्यातही मँचेस्टर युनायटेडचा, पन्नाशी उलटलेला चाहता मात्र एकच. हरिभाऊ हे त्यांचं नाव आता कृषी केंद्राच्या पाटीवर आणि जीएसटीच्या कागदांवर तेवढं उरलंय. स्टेशन विभागात सगळे त्यांना हारभाऊ म्हणतात. सामना सुरू व्हायच्या आधी हा माणूस टीव्हीपुढे हात जोडतो आणि म्हणतो, "हारू दे रे बाप्पा. आज चांगले तीन-चार गोल खाऊ दे."

खायचे कोणी? युनायटेडनंच.

मूर्तिजापूरच्या माणसाचा मँचेस्टरशी संबंध काय, असं त्यांना विचारू नये. विचारलं तर अर्धा तास जातो. शकुंतला ही इथली गाडी ओढणारं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं. 1923 पासून 1994 पर्यंत ते इथल्या नॅरोगेजवर धावलं आणि हारभाऊंच्या आजोबांनी त्याच्या भट्टीत कोळसा टाकला. ती लाइनच मुळी वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून लँकेशायरच्या गिरण्यांत पोचवायला टाकलेली. आणि युनायटेड? 1878 साली न्यूटन हीथ नावानं तो संघ काढला तो रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातल्या कामगारांनी. "म्हंजे रेल्वेवालेच ना बाप्पा! आमच्या आज्याच्या खात्यातले!" असं म्हणून हारभाऊ आपल्याकडे असे बघतात की आपणच एखादं नातं विसरलो असावं. आता शकुंतला बंद आहे, रुळांत गवत माजलंय. "आमची गाडी थांबली थे थांबली, अन् तिकडं टीमबी सायडिंगले लागली."

'हारू दे' हा सिद्धांत त्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर बसून तयार केला. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. "बोंड बाहेरून हिरवं, अन् आत किडा. फवारा मारून काय होते? पराटी उपटा, नांगर फिरवा, नवं पेरा. एखादी मॅच जिंकली म्हंजे फवारा मारल्यावानी हाये. आठ दिवस बरं दिसते." हे ऐकताना आपण मान डोलवतो. तेवढ्यात काउंटरवर एखादा शेतकरी येतो आणि हारभाऊ त्याच दमात त्याला सांगतात, "पराटी काहून उपटतं? हे एक औषध मारून पाह्य, आनखी एक फवारनी घे."

पुरावेही तोंडपाठ. 2013 साली फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हापासून जो कोच आला त्याच्या जाण्यामागे बहुधा एखादी चांगली सणसणीत हार आहे. एव्हर्टननं हरवलं, मोयेस गेला. वॉटफर्डनं चार गोल घातले, सोल्शायर गेला. पण हारभाऊंचा हुकमाचा एक्का म्हणजे 25 मे 2024. लीगमध्ये आठवा नंबर आला होता, कोच टेन हाग जाणार हे ठरल्यातच जमा होतं. आणि त्या दिवशी पोरांनी एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला 2-1 असं हरवलं! झालं. मालकांनी कोचाचा करार वाढवला. ऑक्टोबरात वेस्ट हॅमकडून मार खाल्ला तेव्हा दुसऱ्या दिवशी, 28 तारखेला, त्यालाच घरी पाठवला. "थे एक मॅच हारले असते त मे महिन्यातच काम झालं असतं! जिंकून पाच महिने वाया गेले का नाही?" ह्याला चहाच्या टपरीवर आजवर कुणाला उत्तर देता आलेलं नाही. मलाही नाही.

त्या दिवशी दिवाळीच्या तोंडावर हारभाऊंनी टपरीवरच्या सगळ्यांना चहा आणि आलुबोंडा दिला, आणि जाहीर करून टाकलं की यापुढे कोच गेला की चहा-आलुबोंडा आपल्याकडून. तेव्हापासून टपरीवालाही फुटबॉलमध्ये लक्ष घालू लागला. चेंडूला हात कोण लावू शकतो हे त्याला अजून नीट ठाऊक नाही, पण रविवारी सकाळी भट्टी पेटवता पेटवता तो मोठ्या आशेनं विचारतो, "भाऊ, काल हारले ना?"

विरोधी पक्ष म्हणजे गणिताचे एक निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, हारण्यात काही मिळत असेल तर हारावं. अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये तळाच्या संघांना नवे खेळाडू आधी निवडायची संधी जास्त. फिलाडेल्फियाचा संघ 2015-16 मध्ये 82 पैकी 72 सामने हरला आणि पुढच्या निवडीत पहिला नंबर घेऊन गेला. तिथं हारायलाही हिशेब लागतो. इंग्लंडात तळाच्या तिघांना खालच्या वर्गात ढकलतात. तिथं ही हौस कशाला?

"1974 ले खालच्या वर्गात गेलते आपले," हारभाऊ म्हणाले. "दुसऱ्या साली पयला नंबर घेऊन वर आले."

"आणि लीग कधी जिंकली?"

"1993 ले."

"मोजा," मास्तर म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

आयपीएलवाली पोरं ह्या वादात येतात, पण त्यांना फार किंमत मिळत नाही. मुंबई इंडियन्स 2022 मध्ये पहिले आठच्या आठ सामने हरले, शेवटून पहिले आले, 2024 मध्ये पुन्हा शेवटून पहिले. ना खालचा वर्ग, ना पहिली निवड. "तुमाले त हाराचाबी फायदा नाही लेकहो," हारभाऊ कळवळून म्हणतात. टॉटनहॅमची गोष्टही कुणीतरी काढली होती. मे 2024 मध्ये त्यांचेच बरेच चाहते सिटीपुढे आपला संघ हरावा म्हणून बसले होते, कारण तो जिंकला असता तर शेजारच्या आर्सेनलचा फायदा झाला असता. हारभाऊंना ते अजिबात पटलं नाही. "थो जयकुकडेपना झाला. आपलं शास्त्र हाये."

ह्या शास्त्राला रात्री तीनच्या सुमारास काय होतं, ते मात्र वहिनींकडून ऐकावं. एप्रिल 2025, युरोपा लीग, ल्योंविरुद्ध. जादा वेळेत युनायटेड 2-4 असं मागे. भाऊ सांगतात की आपण समाधानानं टीव्ही बंद करून झोपलो. वहिनी सांगतात की 114 व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल झाला तेव्हा हे पलंगावर उभे होते, 120 व्या मिनिटाला दुसरा झाला तेव्हा पलंगाचा पाय गेला, आणि लगेच मॅग्वायरनं डोक्यानं पाचवा घातला तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री उठली. दुसऱ्या दिवशी हारभाऊंचा आवाज बसला होता. "तुरीच्या भुशाची अलर्जी," ते म्हणाले.

विदर्भाचा विषय निघाला की ते तर सरळ पक्ष बदलतात. 1957 पासून विदर्भ रणजी खेळतो, साठ वर्षं पदरी काही नाही. मास्तरांनी विचारलं, साठ वर्षं हारून कोणतं पीक आलं? हारभाऊंकडे ह्यालाही उत्तर होतं. जानेवारी 2017 मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली, मुंबईनं कोच चंद्रकांत पंडितांना सोडलं, ते विदर्भाला मिळाले आणि पुढच्याच हंगामात आपण रणजी जिंकली. "हारली मुंबई, फायदा आमाले!" म्हणजे हारण्याचा फायदा होतो, पण शेजाऱ्याला. ही दुरुस्ती मास्तरांनी तिथल्या तिथे सिद्धांताला जोडली.

पण विदर्भाचा इंदूरचा तो अंतिम सामना सुरू होता तेव्हा हारभाऊंच्या तोंडून चार दिवसांत एकदाही 'हारू दे' निघालं नाही. अकोल्याचा आदित्य ठाकरे पहिलाच रणजी सामना खेळत होता, तोही अंतिम. गुरबानीनं हॅट्ट्रिक घेतली, वाडकरनं शतक ठोकलं, आपले 547 झाले, तरी हे सदरा बदलायला तयार नव्हते. 1 जानेवारी 2018 ला दिल्ली नऊ गडी राखून हरवली, मग अंघोळ. शास्त्राचं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरचं पोट्टं मैदानात असलं त शास्त्र लागू होत नाही."

खरंय ते. 'एकदा नापास होऊ द्या, म्हणजे अक्कल येईल' असं शेजाऱ्याच्या मुलाबद्दल सांगणारे हारभाऊ स्वतःच्या मुलाच्या बारावीच्या निकालाआधी लाखपुरीच्या महादेवाला नवस बोलून आले होते. आपल्या पक्षानं एकदा आपटी खावी म्हणजे नेते जमिनीवर येतील, असं म्हणणारे कार्यकर्ते प्रत्येक गावात असतात, आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून उपाशी बसलेलेही तेच असतात. मला वाटतं हारण्याची इच्छा धरायला अंतर लागतं. मँचेस्टर त्या मानानं सोयीचं आहे, पण तेही रात्री तीन वाजता जवळ येतं.

मग आला 21 मे 2025. बिल्बाओला युरोपा लीगचा अंतिम सामना, समोर टॉटनहॅम. लीगमध्ये युनायटेड तळाकडे घसरलेले, शेवटी पंधरावे आले. टॉटनहॅम त्याहून वाईट, सतरावे. हारभाऊंचं गणित पक्कं होतं: जिंकले तर सगळं झाकलं जाईल आणि कोच अमोरिम राहील, हारले तर जाईल. 1-0 असे हारले. टपरीवाल्यानं सकाळी बटाटे जास्त उकडले.

कोच गेला नाही. आठवडा झाला, पंधरवडा झाला, मालकांनी त्याला ठेवूनच घेतला. हारभाऊ टपरीवर यायचे ते खाली मान घालून. आणि मृगाच्या तोंडावर, दुकानात बियाण्यांची झुंबड असताना, 6 जूनला बातमी आली: टॉटनहॅमनं आपल्या कोचाला काढलं. ज्यानं सोळा दिवसांपूर्वी कप जिंकून दिला होता, त्याला.

दुसऱ्या दिवशी टपरीवाला वही घेऊनच दुकानात आला. "भाऊ, कोच गेला. पंधरा चहा, पंधरा आलुबोंडे."

"अबे, थो टॉटनहॅमचा गेला. आपला कुठी गेला?"

"तुमचं बोलनं काय होतं? कोच गेला की चहा. कोनाचा, थे सांगतलं होतं का?"

हारभाऊंनी न्यायासाठी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या हातात आलुबोंडा आधीच होता. "वाक्य तसंच होतं," ते म्हणाले.

"पन थो त जिंकून गेला!" हारभाऊ ओरडले. "जिंकून गेलेल्याचे पैसे मी काहून देऊ?"

"मंग हारून राह्यला त्याचे द्या," टपरीवाला म्हणाला, आणि वहीत लिहून टाकले.