प्लगनाना

जळगावजवळच्या असोद्याची ओळख बहिणाबाई चौधरींचे माहेर आणि भरिताची वांगी अशी दुहेरी सांगितली जात असली, तरी गावच्या पारावर तिसरेही एक पीक बारमाही येते, ते म्हणजे 'आमच्या वेळच्या गाड्या' या विषयावरील अधिकारी गृहस्थांचे. या वर्गाला सोयीसाठी प्लगनाना म्हणावे. प्रत्येक गल्लीत असा एक नाना असतोच, त्यामुळे वय-पोशाखाच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही, खूण एवढीच, की सदऱ्याच्या खिशात रुमालाऐवजी प्लगपाना असतो आणि रस्त्याच्या कडेला कोणाचीही गाडी उभी दिसली, मग तिचा मालक झाडाआड लघुशंकेला का गेलेला असेना, नाना थांबून विचारतात, "प्लग काढून पाह्यला का रे भो?"

या प्रश्नाला शास्त्राचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. ते पुरते न जळता प्लगच्या, म्हणजे इंधनाला ठिणगी देणाऱ्या भागाच्या, टोकावर काजळी धरून बसे आणि ठिणगी पडेनाशी होई. मग बाजूचे झाकण उघडायचे, प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने घासायचा, टोकांमधली फट डोळ्याने जोखायची, फुंकर घालून परत बसवायचा, स्कूटर स्वतःकडे तिरकी करायची आणि किक मारायची. खर्च शून्य, आणि पाहणाऱ्यांत इज्जत भरपूर. एवढ्या स्वस्तात एवढा मान मिळालेल्या माणसाने त्या उपायाचे तत्त्वज्ञान बनवले, तर त्यात नवल नाही. विहिरीवरची मोटर, घरातला मिक्सर, पुतण्याचा मोडलेला साखरपुडा, या सर्वांवर नानांचे पहिले निदान तेच असते. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत ओलसर पऱ्हाट्या पेट घेईनात, तेव्हा बडगीत मिरच्या ठेचणाऱ्या पोरांनीच एका सुरात प्लगची चौकशी केली, आणि नाना त्या दिवशी एक भाकरी कमी जेवले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि या तत्त्वज्ञानाचा पायाच खचला. धूर कमी करायचा, तर पेट्रोलचा थेंबन् थेंब मोजून सोडावा लागतो, म्हणून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. सेन्सरांनी कळवलेल्या माहितीवरून किती इंधन केव्हा सोडायचे हे ठरवणारी ईसीयू नावाची संगणकाची डबी आली. आणि काही बिनसले की ती डबी एक पिवळा दिवा लावून मोकळी होते, त्याचा अर्थ स्कॅनर जोडल्याशिवाय उलगडत नाही. नानांनी पुतण्याच्या नव्या मोटारसायकलीचा प्लग काढून पाहिला, तर तो लख्ख निघाला, आणि दिवा तसाच. जळगावच्या सर्व्हिस सेंटरात स्कॅनर लागला, एक सेन्सर बदलला गेला आणि बिल हाती आले. त्यातले 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे हात पुसायचे फडके, ग्रीस वगैरे, असा खुलासा झाल्यावर नानांनी पुढल्या वेळी फडके घरून आणण्याची तयारी दाखवली.

नानांच्या हिशेबात जुन्या गाडीचा खर्च मात्र कधीच धरलेला नसतो. दर रविवारी जिचे झाकण उघडे असे, जिचा सायलेन्सर काजळीने तुंबला की जाळून साफ करावा लागे आणि जिच्या मागून चालणारा खोकत असे, त्या स्कूटरने 'कधी म्हणून तरास दिला नाही', असे ते शपथेवर सांगतात. परंतु नवी गाडी गावात उघडताच येत नाही, या मूळ तक्रारीत ते एकटे नाहीत. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समितीही नेमली. झाकण उघडायचा अधिकार कोणाचा, हे ठरवण्यास सरकारला आयोग आणि समिती लागली. नाना तेच सहा शब्दांत विचारत आले होते.

दरम्यान चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर बसून परत आले. नानांनी सवयीने प्रश्न केला, तेव्हा या गाडीचा प्लग काढायचा नसून भिंतीत लावायचा असतो, हे त्यांना नातीने सांगितले.

तरीही भादली रस्त्यावर रात्री कोणाची गाडी बंद पडली, तर टॉर्च घेऊन प्रथम पोचतात ते नानाच. आता त्यांना बिघाड कळत नाही, गाडी उघडताही येत नाही, पण परक्या माणसाला एकटे टाकून घरी जाणे त्यांना जमत नाही. ते चहा मागवतात, बायामुलांना ओट्यावर बसवतात आणि टोल-फ्री नंबरवरच्या मुलीला कोणाच्या केळीच्या मळ्यापासून कुठे वळायचे ते सविस्तर समजावतात. आणखी काही मदत हवी का, असे तिने विचारताच ते म्हणतात, "पोरी, या गाडीचा मिस्तरी कोन हाये, तेव्हढं सांग." तिने त्यावर दिलेला दहा आकडी तक्रार क्रमांक नाना मालकाला मोठ्याने दोनदा म्हणून दाखवतात.