ॲव्हरेज किती देती?

राहुरीच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी माझी मोटरसायकल, इंजिन नुकतंच बंद केलेलं, तापलेल्या लोखंडाची टिकटिक चालू. एक आजोबा आले. त्यांनी गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घातली, सायलेन्सरकडे हात नेला, धग लागताच मागे घेतला आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देती?"

"वीस-बावीस."

आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. चांगल्या घरातलं पोरगं दारूला लागल्याचं कळल्यावर गावात बघतात, तसं. "मंग आमचा ट्रॅक्टर काय वाईट," एवढंच पुटपुटले आणि जाताना माझ्या चहाचे पैसे परस्पर देऊन गेले.

साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची, अडुसष्ट घोड्यांची गाडी बाळगणाऱ्या माणसाला नगर जिल्ह्यात कुणी श्रीमंत समजत नाही. अडचणीत आलेला समजतात.

गाडी सेकंडहँड आहे. पुण्याच्या एका संगणकवाल्या मुलाकडून घेतली. त्याचं लग्न ठरलं होतं. जपानी आहे एवढंच सांगतो, कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे काही येणार आहे त्यात तिचा दोष नाही. मी हायस्कुलात गणित शिकवतो, वय सेहेचाळीस. घरी ही बातमी मी हप्त्याहप्त्याने दिली. आधी "एक गाडी बघतोय", मग "तशी जुनीच आहे", मग "पुण्याहून चालवतच आणतो". किमतीचा हप्ता अजून द्यायचा राहिलाय. सौभाग्यवती हा अंक वाचतात, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

स्पोर्ट्सच्या गाडीवर माणूस बसत नाही, ओणवा होतो. हँडल खाली आणि पुढे, पाय मागे आणि वर. नमस्कार घालायला निघालेला माणूस अर्ध्यात अडकावा, तशी आकृती. सगळा भार मनगटांवर. पुण्याच्या मुलाने समजावून सांगितलं होतं, "सर, वेगात गेलं की वारा छाती उचलून धरतो, मनगटं मोकळी होतात." शास्त्र म्हणून हे खरं आहे. फक्त वारा हे काम मनावर घेतो ते ताशी शंभराच्या आसपास, आणि दुचाकीला चौपदरी महामार्गावरही कायद्याने मुभा आहे ऐंशीची. म्हणजे या देशात माझी मनगटं मोकळी होणं हाच गुन्हा आहे. त्यात आमचा नगर-मनमाड रस्ता. कोल्हारपर्यंत मी चाळीसच्या वर गेलो, असं फार क्वचित झालंय. तो कुणाच्या ताब्यात आहे, खड्डे कुणाच्या नावावर आहेत, यात मी पडत नाही. रस्त्यात आधीच पुष्कळ जण पडलेत.

वेगाचा रस्ता जिल्ह्यात आहे, नाही असं नाही. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. ताशी दीडशेचा विचार करून आखलेला, गुळगुळीत, सरळ. मी दुसऱ्याच रविवारी कोपरगाव तालुक्यात कोकमठाणपर्यंत गेलो. तिथे कळलं की दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षेचं कारण मला पटतं. पण हेल्मेट हातात घेऊन कडेला उभं राहायचं आणि आतून सात माणसं, दोन गाद्या आणि टपावर सायकल घेतलेली जुनी जीप सुसाट जाताना बघायची, याला वेगळं मन लागतं. दुसरा चांगला रस्ता खुद्द नगरमध्ये आहे. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या व्हीआरडीईचा धावमार्ग. तोही संरक्षण खात्याच्या फाटकाआड. उरला शहरातला उड्डाणपूल. त्यावर मी एकदा सहावा गिअर टाकला. टाकून होईतो पूल संपला.

घोड्यांचं गणित मी वहीत मांडून पाहिलंय. दिल्ली दरवाजातून चितळे रोडला शिरताना अडुसष्टपैकी फार तर चार घोडे कामाला असतात. बाकीचे चौसष्ट जागच्या जागी घाम गाळतात आणि तो घाम पंख्याच्या वाटे थेट माझ्या पोटऱ्यांवर येतो. मे महिन्यात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "सर, जरा पुढं घ्या, मेथी सुकाया लागली."

आता नाइलाजाने लूनाकडे यावं लागतं. नगरच्या माणसाने मोटरसायकलीवर लिहायचं आणि लूना टाळायची, म्हणजे पैठणात राहून नाथांचं नाव न घेण्यासारखं. १९७२ साली आलेली, पन्नास सीसीची, पायडल असलेली ही गाडी आमच्या गावाच्या अंगणातली. फिरोदिया नगरचे, कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. आमच्या नानांनी लूनावर वीस वर्षं काढली. तिच्यावरून गव्हाचं पोतं आलं, गॅसचं सिलिंडर आलं, काविळीत मी स्वतः आलो. चढावर दम लागला की नाना पायडल मारायचे. गाडी माणसाला नेते की माणूस गाडीला, हा वाद दोघांनी कधी घातला नाही. ॲव्हरेज विचारलं की नाना छाती काढून आकडा सांगायचे, आणि तो दरवर्षी दोनाने वाढायचा.

गंमत पुढेच आहे. २०१८ मध्ये याच कायनेटिकने 'मोटोरॉयल' नावाने परदेशी मोटरसायकली आणल्या. इटलीची एमव्ही ऑगस्टा, इंग्लंडची नॉर्टन, आणखी दोन-तीन नावं. आणि त्यांच्या जोडणीचं काम लूनाच्या नगरात. मी ही बातमी नानांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला. "पायडल आहे का?" नाही म्हटलं. "मग चढावर काय करतात?"

ॲव्हरेजच्या प्रश्नापासून सुटका नाही, हे मी मान्य केलंय. आठवीच्या मुलांना घेऊन रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. दोन महायुद्धांतली अवजड धुडं ओळीने उभी. माहिती सांगून झाली, "कुणाला काही शंका?" म्हटलं. मागच्या रांगेतून हात वर. "सर, हा किती देतो?" रणगाड्याचं गणित उलटं असतं, एका लिटरला किती किलोमीटर नव्हे, एका किलोमीटरला किती लिटर, असं मी सांगितलं. मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमच्या गाडीसारखं."

पोशाखाचाही त्रास आहेच. खांद्याला, कोपराला, पाठीला पॅड असलेलं जॅकेट, गुडघ्यावर ढाली, घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि हेल्मेट. घरातून निघताना आई दृष्ट काढते की हसू दाबते, ते पदरामुळे कळत नाही. घोडेगावला कांदा मार्केटपाशी थांबलो तर एकाने विचारलं, "कुठली मॅच?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं, "अरे, लाइटीच्या टावरवर चढनारे हायेत ते." आणि मला बाजूला घेऊन, "साहेब, आमची डीपी जळून आठ दिवस झाले." मी वीजवाला नाही हे पटवायला दहा मिनिटं गेली. शेवटी मी डीपी बघून आलो. जळालेलीच होती.

सौभाग्यवतींना मागे बसवून मी एकदाच नेलं, शिंगणापूरला. मागची सीट म्हणजे पुढच्यापेक्षा वीतभर उंच चौरंग. त्यावर त्या बसल्या तेव्हा मी खाली ओणवा आणि त्या माझ्या डोक्यावरून सगळा तालुका बघतायत, असं दृश्य तयार झालं. अंबारीतली मिरवणूकच, फक्त हत्ती कुरकुरत होता. धरायला काही नाही म्हणून त्यांनी माझे कान धरण्याचा विचार बोलून दाखवला. प्रत्येक गतिरोधकाला "अहो!" आणि गाडीच्या पोटाची "खर्रर्र" बरोबरीने यायची. जमिनीपासून पोट तेरा सेंटिमीटरवर, आणि आमच्याकडे गतिरोधक बांधणारा माणूस मापाने बांधत नाही, रागाने बांधतो. शिंगणापूरला घरांना दारं नाहीत म्हणतात. तिथे पोचून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इथे गाडी तशीच ठेवली तरी चोरीला जाणार नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्या जरा निराश झाल्या. परत एसटीने आल्या.

डॉक्टरांचं तसं नाही. आमच्या कॉलनीतले डॉक्टर दातांचे, पण त्यांची गाडी टूरिंगची. उंच, ताठ, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, पुढे नकाशाचा पडदा, आरशाला लडाखहून आणलेल्या रंगीत पताका. पेट्यांत हवा भरायचा पंप, पंक्चरच्या वाती, दोरखंड, स्टोव्ह, आणि भूल द्यायचं इंजेक्शन, कारण सवय. लडाखला ते एकदा गेले आणि अजून पूर्णपणे परत आलेले नाहीत. खारदुंग ला खिंडीच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं होतं. नीट मोजल्यावर ती १७,५८२ भरली. डॉक्टर पाटीची उंची सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या गाडीचा काटाही खऱ्यापेक्षा चार-पाचने पुढेच असतो, आणि कमी दाखवू नये असा नियमच आहे. मोटरसायकलवाल्याच्या बोलण्याला हाच नियम लावला की गैरसमज होत नाहीत.

तर गेल्या जुलैत आम्ही दोघे भंडारदऱ्याला निघालो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर. अकोल्यापुढे रस्ता वळणांना लागला आणि पहिल्यांदा वाटलं, याचसाठी घेतली ही गाडी. ओलं डांबर, बाजूला भातखाचरं, ढगात घुसलेलं कळसूबाई. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर; डॉक्टरांनी त्याकडे लडाखी नजरेने बघितलं. मी वळणावर गाडी झुकवली, व्हिडिओत बघितली होती तशी. तेवढ्यात बाहेरून एक दूधवाला गेला. जुनी शंभर सीसी, चार किटल्या, डोक्यावर खताची गोणी दुमडून केलेली खोळ, एका हातात मोबाइल. मला ओलांडताना त्याने किटलीला धक्का लागू नये म्हणून पाय जरा आत घेतला. पुढल्या तीन वळणांत तो दिसला, चौथ्यात दिसेनासा झाला.

शेंडीवरून रतनवाडीकडे तलावाच्या कडेने जाताना एका धबधब्यापाशी फोटोसाठी थांबलो. इथे मी पडलो. वेगात नाही. उभ्या उभ्या. गाडी थांबली, डावा पाय टेकवला. गवत दिसत होतं, गवताखाली जमीन नव्हती. पाय घोट्यापर्यंत गेला आणि गाडी डावीकडे कलली. एका ठरावीक कोनापर्यंत गाडी तुमची असते, त्यापुढे ती पृथ्वीची होते. पावणेदोनशे-दोनशे किलो वजन मी पूर्ण ताकदीने अडवून धरलं, म्हणजे काय झालं, तर नुसतं धप्पकन पडायचं ते अतिशय सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असं पडलो. चिखलात आधी गुडघा टेकला, मग मी, मग गाडी. डॉक्टरांनी आधी फोटो काढला.

पलीकडच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. बाया उठून उभ्या राहिल्या. इरलं घेतलेले एक बाबा आणि दोन पोरं चिखल तुडवत आली. डॉक्टर पेटीतून दोरखंड काढू लागले, गाडी उचलायचं शास्त्र सांगू लागले, पाठ लावायची, हँडल पूर्ण वळवायचं. बाबांनी ऐकून घेतलं. मग पोरांना म्हणाले, "बसल्या बैलावानी धरा रं. तू शेपटाकडं, तू खांद्याला. मी हाळी देतो." गाडीच्या पाठीवर त्यांनी दोनदा थाप मारली, "ह्याऽ" म्हणाले, आणि गाडी उठून उभी राहिली. माझी खात्री आहे, तिला ते कळलं.

बाबांनी तिचं पोट बघितलं, चाक हलवून बघितलं, आरसा तुटला होता तो उचलून माझ्या हातात दिला. मी आता प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं, वीस नाही, पंचवीस सांगणार होतो.

"खाती किती?" बाबांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. ते जरा थांबले. "खाऊंद्या," म्हणाले. "मोठं जनावर हाय."

चहा मागे लागून त्यांनाच पाजला असता, पण जवळ टपरी नव्हती. बिस्किटाचा पुडा होता, तो पोरांनी घेतला.

आरसा पुण्याहून मागवलाय, पंधरा दिवस लागतील म्हणाले. तोवर डाव्या बाजूचं मला काही दिसत नाही. या रविवारी सकाळी साडेपाचला आम्ही दोघे करंजी घाटाकडे जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर माळीवाड्याला भेटावं. टाकी भरून यावी. जॅकेट नसलं तरी चालेल, पण गुडघ्याचं पॅड घालून या.