गळा एकाचा, नाच दुसऱ्याचा

"काय हो वहिनी, काल तुमच्याकडे लग्नातल्या नाचाची तालीम होती वाटतं? 'रास्पुतिन' ऐकून ऐकून माझ्या कुकरच्या शिट्ट्याही ठेक्यात व्हायला लागल्या."

"त्रास झाला का हो काकू? पोरांना बजावलं होतं."

"छे! आमच्या वेळचं गाणं ते, 1978 चं. तुमच्या धाकट्याला वाटत असेल, गेल्या वर्षीच आलंय."

"त्याला ते त्रिशूरच्या मेडिकल कॉलेजमुळे माहीत. 2021 मध्ये तिथले दोघे ऑपरेशनच्या कपड्यांत कॉरिडॉरमध्ये नाचले होते ना, त्यांचं बघून बसवलंय."

"पण त्यातली आतली गोष्ट ठाऊक आहे का? या इकडे, कढीपत्ता मागाहून तोडा. ते गाणं ज्यांचं, त्या बोनी एम ग्रुपमधला नाचणारा बुवा, बॉबी फॅरेल, चकचकीत कपडे घालून अंगात आल्यासारखा उड्या मारायचा तो. रेकॉर्डवर तो गायलेलाच नाही!"

"काहीतरीच काय! मग तो खर्जातला आवाज?"

"फ्रँक फारियानचा. जर्मन निर्माता, मूळचा स्वयंपाकी. 1975 मध्ये त्यानं एक गाणं स्वतःच गाऊन काढलं आणि त्यावर 'बोनी एम' असं नाव ठोकून दिलं. ते हॉलंड-बेल्जियममध्ये चाललं. आता आली का पंचाईत? टीव्हीवर उभं करायला माणसं नकोत? मग केली चौघांची मोट. त्यात खऱ्या गाणाऱ्या दोघीच, लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट. दोघी जमैकात जन्मलेल्या. मेझी विल्यम्स मॉडेल होती. ती आणि बॉबी, रेकॉर्डवर दोघांचाही आवाज नाही."

"अगंबाई! म्हणजे निम्मा ग्रुप मुकाच!"

"आणि तरी नंबर काय लागले ऐका. ब्रिटनमध्ये तेव्हा दर आठवड्याला दुकानांतून किती रेकॉर्डी खपल्या, त्यावर यादी ठरायची. 1978 मध्ये 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' पाच आठवडे पहिल्या नंबरावर. मग उतरत उतरत विसाव्यावर आलं. संपलं म्हणायचं, तेवढ्यात रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी केली. पाठीमागच्या बाजूला 'ब्राउन गर्ल इन द रिंग' होतं. ते वाजायला लागलं आणि तीच रेकॉर्ड परत चढली, थेट दुसऱ्या नंबरापर्यंत!"

"एका तिकिटात दोन सिनेमे म्हणायचे."

"वीस लाखांवर खपली एकट्या ब्रिटनमध्ये. चाळीस आठवडे यादीत ठिय्या. त्याच वर्षी नाताळात दुसरं गाणं घेऊन पहिल्या नंबरावर परत बोनी एमच. अमेरिकेनं मात्र भाव दिला नाही, तिथे 'रिव्हर्स'ची मजल तिसाव्या नंबरापर्यंत."

"पण गाणं तर त्यांचंच ना?"

"कुठलं हो! जमैकाच्या मेलोडियन्सचं, 1970 चं. बायबलातल्या स्तोत्रांवरून, तिथल्या रास्ताफारी पंथाच्या वळणाचं. तिथल्या सरकारनं आधी रेडिओवर बंदी घातली होती त्याच्यावर. बोनी एमनं रास्ताफारी शब्द तेवढे काढले आणि खाली डिस्कोचा ठेका दिला. देवाचं गाणं गेलं ना थेट नाचाच्या फरशीवर! मला विचाराल तर मूळ गाणं जास्त गोड आहे, पण ऐकतो कोण?"

"आणि बॉबीचं पुढे काय झालं?"

"तेच तर सांगायचंय. 1978 च्या डिसेंबरात हे चौघं मॉस्कोला गेले, पण तिथे 'रास्पुतिन' म्हणू दिलं नाही. गाणं ज्याच्यावर आहे, त्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिनला मारलं 30 डिसेंबर 1916 ला, आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये. आणि बॉबी गेला तो 30 डिसेंबरलाच, 2010 मध्ये, त्याच गावात! कार्यक्रमासाठी गेला होता, हॉटेलच्या खोलीत सापडला."

"अंगावर काटा आला हो."

"योगायोग म्हणा आणि सोडून द्या. फारियानची खोड मात्र गेली नाही. पुढे मिली व्हॅनिली म्हणून दोन देखणे पोरगे उभे केले, गाणारे पुन्हा भलतेच. त्यांना ग्रॅमी मिळालं आणि 1990 मध्ये बिंग फुटल्यावर काढून घेतलं. नाचक्की झाली ती त्या दोघांची. हा आपला गाणी काढत राहिला, 2024 मध्ये गेला."

"पण आपला काय संबंध म्हणा या लोकांशी?"

"का नाही? 'प्यारा दुश्मन'मधलं उषा उथुपचं 'हरी ओम हरी' आठवतंय? ते इरप्शन नावाच्या ग्रुपच्या 'वन वे तिकीट'वरून उचललेलं आणि इरप्शनची ती रेकॉर्ड काढणाराही हाच फारियान. आपणही नाचलोच की त्याच्या तालावर."

"मग आता पोरांना काय सांगू? गाणं बदला म्हणून?"

"मुळीच नको. नाचायला 'रास्पुतिन'सारखं गाणं नाही आणि बॉबीसारखा नाचणाराही दुसरा झाला नाही. फक्त 'रिव्हर्स'ला टाळ्या वाजवायच्या, तर त्या लिझ मिचेलला. फारियाननं सोंगं कितीही उभी केली असतील, त्या गाण्यातला गळा तिचा आहे."